परदेशी निवडणूक निरीक्षक: आमच्या कट्ट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाडीतली एक पोर जॉर्जियात, तिबिलिसीला एमबीबीएस करतेय. २०२४ च्या ऑक्टोबरात तिकडे संसदेची निवडणूक झाली, मग मोर्चे, मग पाण्याचे फवारे, आणि इकडे तिच्या आईचा जीव टांगणीला. टीव्हीवर आपलं सारखं "आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी असं म्हटलं, तसं म्हटलं". मी पडलो मास्तर, इलेक्शन ड्युटीचा जुना पापी, दोनदा केंद्राध्यक्ष झालेला, म्हणजे मला सगळं ठाऊक असणारच असा लोकांचा समज, त्यामुळे देवळासमोरच्या कट्ट्यावर बसलो की सुरू. मग बसून वाचलं थोडं. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

"गुरुजीनू, आब्झरवर म्हणजे सर्किट हाऊसाक उतरतत तेच मां?"

नाही हो. ते आपल्या निवडणूक आयोगाचे. दुसऱ्या राज्यातून आलेले सनदी अधिकारी, एक जनरल, एक खर्चाचा, एक पोलिसांचा. लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम २०ब मध्ये त्यांची नेमणूक आहे आणि त्यांच्या हातात खरी पॉवर आहे, म्हणजे बूथ बळकावल्याचं किंवा मतपत्रिका पळवल्याचं दिसलं तर ते मतमोजणी थांबवायला सांगू शकतात, निकाल जाहीर करू नका म्हणू शकतात.

टीव्हीवरचे परदेशी निरीक्षक म्हणजे वेगळीच जात. त्यांना कसलीही पॉवर नाही. बघायचं, विचारायचं, लिहायचं, संपलं. हा फरक डोक्यात पक्का बसला की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात, पण बसत नाही, कारण शब्द एकच.

त्यांना पाठवतं कोण? युनो का?

बहुतेक वेळा युनो नाही. युनोला सुरक्षा परिषदेनं किंवा आमसभेनं सांगितल्याशिवाय असं निरीक्षण करता येत नाही, ते जास्त करून मतदार याद्या, ट्रेनिंग असल्या तांत्रिक मदतीत असतात.

युरोप आणि आसपासच्या देशांत मुख्य संस्था म्हणजे ओडिर. ही ओएससीई नावाच्या ५७ देशांच्या संघटनेची शाखा, ऑफिस पोलंडमध्ये वॉर्सॉला. १९९० साली कोपनहेगनला या देशांनी लिहून दिलं की आमच्या निवडणुका बघायला इतर देशांचे लोक आले तर आमची ना नाही. जॉर्जिया त्यात आहे, अमेरिका पण आहे, आपण नाही. बाकी आफ्रिका, आशियात युरोपियन युनियनची मिशनं जातात, कॉमनवेल्थचे गट जातात, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचं कार्टर सेंटर जातं. आशियातल्या संस्थांची मिळून एक ॲनफ्रेल आहे, बँकॉकला.

२००५ साली न्यूयॉर्कला युनोमध्ये या सगळ्यांनी एक जाहीरनामा केला, कसं वागायचं याचा. त्यातलं एक कलम मला फार आवडलं: ज्या सरकारची निवडणूक बघायची त्या सरकारकडून पैसे घ्यायचे नाहीत. आमच्याकडे ड्युटीवर गेलं की पहिली सक्त ताकीद हीच असते, गावच्या पुढाऱ्याच्या घरचं जेवण नको. कितीही भूक लागली तरी आपली शिदोरी.

"पण आमंत्रण नसताना असेच येतात?"

नाही. यजमान देशाचं आमंत्रण आणि आयोगाचा पास लागतोच.

ही परदेशी लोकांनी येऊन बघायची पद्धत अमेरिकेनं काढली ना?

नाही, बरीच जुनी आहे. १८५७ साली, म्हणजे आपल्याकडे उठाव चालू होता तेव्हा, मोल्दाविया आणि वालाकिया (आजचा बराचसा रोमेनिया) इथं मतदान झालं त्यावर युरोपातल्या बड्या राष्ट्रांच्या आयोगानं नजर ठेवली होती, ते पहिलं उदाहरण म्हणून सांगतात. पण आजच्यासारखं सर्रास झालं ते १९८९ नंतर. त्याच वर्षी मे महिन्यात पनामात कार्टर निरीक्षक म्हणून गेले होते आणि तिथला हुकूमशहा नोरिएगाच्या लोकांनी आकडे फिरवलेत हे त्यांनी तिथंच उभं राहून सांगितलं.

आणि आपला एक माणूस यात सगळे विसरतात. सुकुमार सेन, भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. आपली पहिली लोकसभा निवडणूक पार पाडली आणि १९५३ मध्ये सुदानची निवडणूक घ्यायला त्यांनाच बोलावलं. ते निरीक्षक नव्हते, त्यांनी ती निवडणूक चालवलीच. पण परदेशी माणूस येऊन निवडणुकीत नाक खुपसतो म्हणून तक्रार करणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

एका दिवसात येऊन त्यांना काय कळणार? आमच्या गावात कोण कोणाचा ते कळायला आम्हाला तीस वर्षं गेली.

हा खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर असं की एका दिवसात येत नाहीत, टीव्हीवाले एकच दिवस दाखवतात म्हणून तसं वाटतं.

ओडिरची पद्धत बघा. काही महिने आधी एक छोटी टीम नुसती चाचपणी करून जाते, मोठं मिशन लागेल का लहान पुरेल, लोकांचा भरवसा कितपत आहे. मग साधारण दीड-दोन महिने आधी मुख्य टीम राजधानीत येऊन बसते, त्यात कायद्याचा एक जाणकार, मीडियाचा एक, प्रचारखर्चाचा एक, असे दहा-पंधरा जण. त्यांच्यामागून दीर्घकालीन निरीक्षक येतात, जोडीजोडीनं जिल्ह्याजिल्ह्यात पसरतात आणि आठवडेच्या आठवडे तिथंच राहतात. सभा बघतात, उमेदवारांना भेटतात, कलेक्टरच्या जागी जो कोण असेल त्याला भेटतात, याद्यांत मेलेल्यांची नावं किती राहिलीत ते विचारतात. अगदी शेवटी मतदानाच्या तीन-चार दिवस आधी अल्पकालीन निरीक्षक उतरतात, ते शेकड्यांनी असतात. युक्रेनला २०१४ च्या मे महिन्यात तर ओडिरनं ९०० अल्पकालीन आणि १०० दीर्घकालीन असे हजार जण नेले होते.

ही सगळी खटपट का, तर निवडणूक बिघडते ती बहुतेक वेळा मतदानाच्या दिवसाच्या आधीच. हापूसची पेटी घेताना आपण वरचा थर बघून पैसे देतो का? खालचा थर उचलतो, देठ बघतो, वास घेतो, आणि तरीसुद्धा साका (आतला गर खराब होतो तो) कापल्याशिवाय दिसत नाही तो नाहीच दिसत. मतदानाचा दिवस म्हणजे पेटीचा वरचा थर. रांग सरळ, पोलीस हसतमुख, अपंगांना रॅम्प, सगळं चकाचक. पण सहा महिने आधी विरोधकाचा अर्ज कुठल्या कारणानं बाद झाला, टीव्हीवर कोणाला किती मिनिटं मिळाली (हे खरोखर स्टॉपवॉच लावून मोजतात बरं का), सरकारी नोकरांना दम दिला गेला का, हे त्या दिवशी बूथवर उभं राहून दिसणारच नाही.

मतदानाच्या दिवशी ते नक्की करतात काय?

दोघांची जोडी, शक्यतो दोन वेगळ्या देशांतले, बरोबर दुभाषी आणि ड्रायव्हर. सकाळी बूथ उघडताना हजर. मग दिवसभरात आठ-दहा बूथ, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास वगैरे, आणि प्रत्येक बूथचा फॉर्म भरायचा. पेट्या सीलबंद होत्या का, याद्या लावल्या होत्या का, एका कक्षात दोघं शिरले का, आत कोण उपरा माणूस सूचना देत होता का, मत गुप्त राहील अशी मांडणी होती का. संध्याकाळी एका बूथवर थांबून मोजणी बघायची, मग रात्री उशिरापर्यंत त्या मोजणीचे कागद वरच्या ऑफिसात कसे पोचतात ते.

एकेकट्या फॉर्मला काही किंमत नाही. पण असे हजारभर फॉर्म एका ठिकाणी जमले की चित्र दिसायला लागतं, एका बूथवर गोंधळ होता तर तो तिथला मास्तर वेंधळा होता, दोनशे बूथवर तोच गोंधळ असेल तर मग मास्तरांचा दोष नाही.

डोळ्यांदेखत गडबड दिसली तर थांबवतात का?

नाही. लोकांना हे सगळ्यात जास्त खटकतं, मलाही आधी खटकलं. हस्तक्षेप करायचा नाही हा त्यांचा पहिला नियम. केंद्राध्यक्षाला प्रश्न विचारू शकतात, "हे असं का चाललंय?" एवढंच, आणि लिहून घेतात. कारण परदेशी माणसानं एकदा का पेटीला हात लावला की उद्या हरलेला म्हणणार यानंच घोळ केला.

पण नुसतं बघणं म्हणजे काहीच नाही असंही नाही. एकदा आमच्या केंद्रावर मतदान कक्ष खिडकीला लागून मांडला गेला होता, जागाच तेवढी, वर्ग लहान. नियम आहे की खिडकीजवळ नको. झोनल ऑफिसर दारात येऊन उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत, फक्त खिडकीकडे बघितलं. पाच मिनिटांत आम्ही टेबल फिरवलं.

मग जॉर्जियात काय दिसलं त्यांना? (हा प्रश्न तिच्या आईचा)

२६ ऑक्टोबर २०२४, दीडशे जागांची संसद, सगळ्या जागा पक्षांच्या यादीनुसार, पाच टक्के मतं मिळाली तरच आत. सत्ताधारी जॉर्जियन ड्रीमला अधिकृत निकालात जवळपास ५४ टक्के आणि ८९ जागा. विरोधकांनी आणि राष्ट्राध्यक्ष सालोमे झुराबिश्विली यांनी निकाल मानला नाही.

निरीक्षकांचं निवेदन दुसऱ्याच दिवशी आलं, ओडिर आणि त्यांच्याबरोबर चार संसदीय मंडळांची शिष्टमंडळं. आता गंमत अशी की ते निवेदन दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीनं फडकवलं. त्यात लिहिलं होतं की मतदारांना निवड करायला १८ याद्या होत्या, पक्षांना साधारणपणे प्रचार करता आला, मतदान बऱ्यापैकी शिस्तीत झालं. आणि त्याच कागदात लिहिलं होतं की मतदारांवर, विशेषतः सरकारी नोकरांवर दबाव आणल्याच्या तक्रारी होत्या, पैशाच्या ताकदीत मोठी तफावत होती, वातावरण तणावाचं होतं आणि मताची गुप्तता वारंवार धोक्यात आली.

गुप्ततेचा मुद्दा मला मास्तर म्हणून फार लागला. तिथं पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर मशीन आणली होती, मतपत्रिकेवरचा गोल मार्करनं भरायचा आणि कागद स्कॅनरमध्ये सरकवायचा. तर मार्करची शाई कागदाच्या पाठीमागून दिसायची! साधारण २४ टक्के नोंदींत मताची गुप्तता धोक्यात येण्यासारखी परिस्थिती होती असं निरीक्षकांनी मांडलं, काही ठिकाणी कागद सरकवण्याची पद्धत, काही ठिकाणी गर्दी, काही ठिकाणी मांडणी. वरून पक्षांचे लोक कॅमेरे लावून बसलेले. आता सरकारी नोकराला आधीच दम दिलेला असेल आणि त्याला वाटलं की आपलं मत मागून दिसतंय, तर तो काय करेल ते सांगायला तज्ज्ञ कशाला पाहिजे.

याच शाईवरून तेत्रीत्सकारो नावाच्या गावच्या एका न्यायाधीशानं तिथल्या बूथचे निकाल रद्द केले होते. वरच्या कोर्टानं तो निर्णय फिरवला. नोव्हेंबरच्या २८ तारखेला युरोपियन संसदेनं फेरनिवडणूक घ्या असा ठराव केला, आणि त्याच दिवशी जॉर्जियाच्या पंतप्रधानांनी युरोपियन युनियनमध्ये जाण्याच्या वाटाघाटी २०२८ च्या अखेरपर्यंत बाजूला ठेवल्याचं जाहीर केलं. मोर्चे पेटले ते त्यानंतर खरे. पोर सुखरूप आहे, हॉस्टेलवरून रोज फोन करायची.

"म्हंजे ती इलेक्शन खरी की खोटी? एका शब्दात सांगा."

एका शब्दात ते सांगतच नाहीत. "फ्री अँड फेअर" असा शिक्का ओडिर मारत नाही, जाणूनबुजून. देशाचा स्वतःचा कायदा आणि देशानं सही केलेले करार, त्याला धरून काय झालं आणि काय नाही एवढं सांगतात. परीक्षेच्या भाषेत बोलायचं तर पास-नापास नाही, विषयवार शेरा. लोकांना मात्र टक्केवारीच हवी असते.

दुसऱ्या दिवशीचं निवेदन प्राथमिक असतं, त्याच्यावर तसं छापलेलं असतं, पण बातमी फक्त त्याचीच होते. अंतिम अहवाल साधारण दोन महिन्यांनी येतो, तेव्हा वाचायला कोणी नसतं.

ते चुकतात का?

चुकतात की. आणि वाईट चुकतात.

केनिया, ८ ऑगस्ट २०१७. राष्ट्राध्यक्षाचं आणि संसदेचं मतदान एकाच दिवशी. मोठमोठे निरीक्षक गेले होते, कार्टर सेंटरतर्फे अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जॉन केरी होते, मतदान छान झालं म्हणून कौतुक केलं आणि हरलेल्यांनी आता कोर्टाचा रस्ता धरावा असा सूर लावला. हरलेले खरंच कोर्टात गेले आणि १ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं राष्ट्राध्यक्षाची निवडणूक रद्दच केली. घोळ बूथवर नव्हताच, बूथवरचे निकालाचे कागद वर पाठवण्यात होता. आपल्याकडे मतदान संपलं की १७सी (पडलेल्या मतांच्या हिशोबाचा फॉर्म) भरून त्याची कॉपी पोलिंग एजंटांना देतो ना, तसा त्यांचा ३४ए. तो कागद वरपर्यंत नीट पोचला का, हे बघण्याआधीच पाहुण्यांनी शाबासकी दिली. हाच तो साका.

मलावीत २०१९ ला तर आकडे बदलायला करेक्शन फ्लुइड वापरलेलं, आपण व्हाइटनर म्हणतो ते. लोकांनी नावच ठेवलं टिपेक्स इलेक्शन. युरोपियन मिशननं मतदानाबद्दल बरं लिहिलं होतं, पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये कोर्टानं राष्ट्राध्यक्षाची निवडणूक रद्द केली आणि फेरमतदानात निकाल उलटला.

आणि चुकण्यापेक्षा वाईट म्हणजे विकलं जाणं. अझरबैजानात २०१३ ला ओडिरनं गंभीर दोष दाखवले, आणि थोड्या दिवसांसाठी आलेल्या युरोपातल्या खासदारांच्या शिष्टमंडळांनी मात्र मुक्त, पारदर्शक म्हणून गौरव केला. त्याच निवडणुकीत आयोगाच्या मोबाइल ॲपवर मतदानाच्या आदल्या दिवशीच निकाल झळकला होता, हे मी रचून सांगत नाही. पुढे "कॅव्हियार डिप्लोमसी" म्हणून प्रकरण बाहेर आलं, महागड्या भेटी, पाहुणचार, २०१८ मध्ये चौकशीचा अहवाल आला. म्हणून कोणी "निरीक्षकांनी क्लीन चिट दिली" म्हटलं की मी पहिला विचारतो, कोणत्या? किती दिवस राहिले? राजधानीच्या बाहेर गेले का?

ते आलेच नाहीत तर?

न येणं हाही एक शेराच. बांगलादेशात जानेवारी २००७ ची निवडणूक विश्वासार्ह होणार नाही असं दिसल्यावर युरोपियन युनियननं मिशन थांबवलं, त्याच दिवशी, ११ जानेवारीला, आणीबाणी लागली आणि निवडणूक २००८ च्या डिसेंबरला झाली. २०१४ ला परत तेच, विरोधकांचा बहिष्कार, ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध, युरोपियन युनियन आणि अमेरिकेनं निरीक्षक पाठवले नाहीत. तरी सरकार बनलं आणि चाललं. तेव्हा न येण्यानं आभाळ कोसळतं असंही नाही.

आपल्याकडे का नाही येत?

आपण त्यांना निरीक्षक म्हणून बोलावत नाही, पाहुणे म्हणून बोलावतो. आयोगाचा कार्यक्रम असतो, २०२४ च्या लोकसभेला २३ देशांतून ७५ जण आले होते, छोटे गट करून महाराष्ट्र, गोवा धरून सहा राज्यांत फिरवले. पण तो आयोगानं आखलेला दौरा. आठवडेच्या आठवडे मुक्काम नाही, स्वतंत्र अहवाल नाही.

यावर कट्ट्यावर दोन तट आहेत. एक म्हणतो साडेदहा लाख मतदान केंद्रं, कोण बघणार, आणि बघायची गरज काय, आपले एजंट बसतात ना. दुसरा म्हणतो लपवायचं नाही तर येऊ दे की. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं. आमच्या केंद्रावर ५० मतांचा मॉक पोल (मशीन तपासायचं खोटं मतदान) सकाळी एजंटांसमोर करतो, सगळं बरोबर असतं, मग बाहेरच्यानं बघितलं तर माझं काय जातंय? मात्र त्यानं मे महिन्यात यावं, होडीतून खाडी ओलांडावी, पंखा नसलेल्या वर्गात बारा तास बसावं, आणि आंबे काढणीत गुंतलेला मतदार पावणेसहाला धावत येतो तेव्हाची धांदल बघावी.

अमेरिकेत जातात का, का फक्त गरिबांकडे?

जातात, ओडिर २००२ पासून जातंय. २०१२ ला टेक्सासच्या ॲटर्नी जनरलनी धमकी दिली होती की मतदान केंद्राच्या शंभर फुटांत आलात तर गुन्हा दाखल करू. काही राज्यांत आजही आत घेत नाहीत.

बोटाची शाई तेच आणतात काय?

नाही! ती आपली, म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातली, कितीतरी देशांना जाते.

एवढा अहवाल लिहून पुढे होतं काय?

सक्ती काही नाही. शेवटी शिफारशींची यादी असते, कायदा असा बदला, याद्या अशा करा, आणि पुढच्या निवडणुकीला परत आले की आधीच्यातल्या किती पाळल्या ते मोजतात. तेच वाक्य तीन-तीन निवडणुकांत पुन्हा आलेलं दिसतं कधीकधी, आमच्या शाळेच्या गळक्या छपरासारखं, दर तपासणीत नोंद आणि दर पावसात बादली.

वाचायचा झाला तर कुठून सुरू करायचा?

मागून. आधी शिफारशी, मग मागच्या शिफारशींचं काय झालं तो भाग, मग तक्रारी आणि कोर्टाचं प्रकरण, कारण मतमोजणी संपल्यावर दीर्घकालीनवाले आठवडाभर मागं थांबतात ते त्याच्यासाठीच. मतदानाच्या दिवसाचं प्रकरण सगळ्यात शेवटी. इंग्रजी सुकं आहे पण अवघड नाही. जॉर्जियाचा मी कणकवली ते मालवण एसटीत अर्धा वाचला, उरलेला पोरीच्या बाबांनी मागून नेलाय तो अजून परत दिलेला नाही.